डावा खांदा

केया चार वर्षं अमेरिकेतल्या एका कॉलेजकडून रग्बी खेळली. डिग्री मिळाली तरी नियमाप्रमाणे कॉलेजकडून खेळायचं अजून एक वर्ष शिल्लक होतं, म्हणून मास्टर्ससाठी ती दुसऱ्या कॉलेजात गेली आणि तिथल्या टीममध्ये शिरली. सीझनची पहिलीच मॅच जुन्या कॉलेजशी लागली.

"त्यांची कॅप्टन मेगन तुझी रूममेट होती ना?" नव्या कोचने विचारलं. "तिचं जुनं दुखणं कुठलं?"

केया घुटमळली. पण टीममधली जागा अजून पक्की नव्हती.

"डावा खांदा," ती म्हणाली.

मॅच सुरू झाल्यापासून केयाच्या टीममधली एकेक मुलगी मेगनच्या त्याच खांद्यावर जाऊन आदळत राहिली. तिचा ओठ फाटला, तोंड रक्ताने भरलं, तरी ती दर वेळी उठली. शेवटी केयानेच तिला जमिनीवर आपटलं, आणि हाड मोडल्याचा आवाज दोघींनीही ऐकला.

मेगनला स्ट्रेचरवरून नेल्यावर जुन्या टीममधली सोफी केयासमोर येऊन उभी राहिली.


"तुझा कुठला गुडघा अधू आहे, ते आम्ही मेगनला आठवडाभर विचारत होतो. तिने शेवटपर्यंत सांगितलं नाही."