सायलीचा पायगुण

"तिची पिशवी भर," गेणबा बायकोला, साळूबाईला म्हणाला. "धाड तिला माहेरी."

सून समोरच उभी होती, पण तो तिच्याशी बोलतच नव्हता. अंगणात तिसरी शेळी मागचे पाय फरफटत पाल्याकडे सरकत होती. डोळे तरतरीत, भूकही दांडगी. फक्त कमरेखाली जीवच नव्हता. वैशाखात सायली लग्न होऊन माले गावच्या या घरात आली आणि पाऊस सरता सरता शेळ्या एकेक करून बसायला लागल्या. लोकांना एवढं पुरलं. पायगुण वाईट, असं आधी शेजारीण म्हणाली, मग सगळी आळी. नवरा कैलास उरवड्याच्या कंपनीत कामाला. तो पाळीवर गेला की कुणाच्याच जिभेला हाड नसे.

सायलीला रडू येत नव्हतं, संताप येत होता. आज गेली असती तर हा शिक्का जन्मभर कपाळी बसला असता. पौडहून जनावरांचा डॉक्टर तिनेच बोलावला होता, कुणाला न विचारता.

डॉक्टरांनी शेळीला इंजेक्शन दिलं आणि गोठ्यात पाहिलं. बैल आणि शेळ्या एकाच दावणीला बांधलेल्या.

"हे डासांचं काम," ते म्हणाले. "बैलाच्या पोटात जंत असतात, त्याला काही होत नाही. पण त्याला चावलेला डास शेळीला चावला, की ते जंत तिच्या कण्यात शिरतात. ही वाचेल. बाकीच्या आजच बैलांपासून लांब बांधा. इथं कधीपासून आहेत?"

"लग्नापासनं," साळूबाई बोलून गेली. सासूला खोटं सुचलं नाही. "आदी त्या खोलीत असायच्या. पोराला खोली पायजे म्हनून यांनीच हिकडं आणल्या."

सगळ्यांनी सायलीच्या खोलीकडे पाहिलं. गेणबाने घसा खाकरला.

"आसंल. पन मी बोलून बसलोय. चार दिस जाऊन येऊ दे तिला."

सायली आत गेली. पिशवी घेऊन येईल असं सगळ्यांना वाटलं. ती आली ती गादी खांद्यावर टाकून. गादी तिने पडवीत आपटली, गोठ्यातल्या शेळ्या सोडल्या आणि सरळ आपल्या खोलीत नेऊन बांधल्या.

"ह्ये काय चालवलंय?" गेणबा ओरडला.

"माहेरी धाडतीय, मामंजी," ती म्हणाली. "मला न्हाई, शेरडांना. त्यांचं माहेर हितंच हाय."