टीव्हीवरची रडकी आई

सासरच्यांनी लेकीला टहरौली गावात कोंडलंय, मारून टाकतील तिला, हे सांगताना सिंधूताई झाशीच्या पोलीस ठाण्यात ढसाढसा रडल्या.

दरोगा हरखला. "अरे, ये तो टीव्हीवाली रोती माँ है! आओ, सब देखो!"

आधी रेडिओवर, मग टीव्हीवर, जन्मभर रडक्या आयाच केलेली बाई आज खरी रडत होती आणि मेले टाळ्या पिटत होते.

"माताजी, एक बार और! वीडियो बनाता हूँ."

सिंधूताईंनी डोळे पुसले. आवाज करडा केला. "लडकी के मामा बबीना छावनी में कर्नल हैं. फोन लगाऊँ?"

दरोगा खुर्चीतून उठला. लगेच जीप निघाली.

सिंधूताईंना भाऊच नाही. जन्मात पहिल्यांदा त्यांना न रडणारी आई करायला मिळाली, तीही स्वतःच लिहून.