सगळ्यांचं सुटलेलं कोडं

“बाळबोध!” गोजर गुरुजींनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “पंकजराव, राग मानू नका, पण तुमच्या शब्दकोड्यात पूर्वीचा दम राहिला नाही. सकाळचा चहा निवायच्या आत सुटलं.”

शहापूरच्या वाचनालयात रविवारची बैठक भरली होती. निवृत्त मुख्याध्यापक गोजर गुरुजी हे तिचे स्वयंघोषित अध्यक्ष. समोर ‘तालुक्याचा टाहो’ या साप्ताहिकाचा संपादक पंकज बसला होता, कारण आज कोड्याचा न्याय व्हायचा होता. मुरबाडच्या एका प्लॉटवाल्याला कोड्याच्याच कोपऱ्यात कायमची जाहिरात हवी होती. कोडं खरंच कोणी सोडवतं का, एवढंच पंकजला पाहायचं होतं. सोडवत नसतील तर पुढच्या अंकापासून तिथे प्लॉट येणार होते.

काउंटरमागे ग्रंथपाल रंजिता पुस्तकांना कव्हरं घालत होती. निदान तसं दाखवत होती. सरळ अर्थ न सांगणाऱ्या, तिरक्या सूचनांचं हे कोडं गेली तीन वर्षं ‘शब्दवेधी’ या नावानं तीच रचायची, आणि हे पंकजखेरीज कोणालाच ठाऊक नव्हतं. शब्दवेधी म्हणजे पुण्याचे कोणी प्राध्यापक असणार, अशी मंडळींची खात्री होती. घर, नोकरी, मुलं या सगळ्यांत तिचं एकटीचं असं हे कोडंच होतं. या वेळी तर तिनं जीव ओतला होता. इतकं कठीण कोडं तिनं आजवर केलं नव्हतं. छापलेलं मात्र अजून पाहिलं नव्हतं, कारण वाचनालयाचा अंक आला की त्यातला कोड्याचा तुकडा कोणीतरी लगेच फाडून नेतंच. सुशिक्षित तालुका आहे.

बैठकीचे नियम दोन. भरलेला कागद कोणाला दाखवायचा नाही, म्हणजे दुसऱ्याची मजा जात नाही. आणि ज्याचं अडलं त्यानं सगळ्यांना कांदाभजी खाऊ घालायची. बहुतेक रविवारी ही भजी धाऊशेठ आणायचे.

“गुरुजी, तुमची गोष्ट वेगळी,” आटगावचा संदेश म्हणाला. तो ठाण्याला नोकरी करायचा आणि आपण इंग्रजी कोडीही सोडवतो, असं न विचारता सांगायचा. “मला अख्खा लंच टाइम लागला. दोन सूचना तर चक्क चुकल्यात, शब्दवेधींना कळवणार आहे मी. पण केलं खल्लास.” त्यानं शर्टाच्या खिशावर थाप मारली. आत कागदाची चौघडी होती.

चंद्रकलाबाई कविता करायच्या. त्यांनी आधी डोळे मिटले, मग उघडले. “सतरा उभा शब्द सापडला आणि पाणीच आलं हो माझ्या डोळ्यांत. किती दिवसांनी असा शब्द भेटला!”

“सतरा उभा! वा!” गुरुजी म्हणाले. “तिथे मात्र मीही क्षणभर थांबलो होतो.”

“एक नंबर होता तो,” संदेशनं मान डोलावली.

रंजिताच्या हातातलं कव्हर तसंच राहिलं. त्या शब्दाच्या सूचनेसाठी तिनं कितीतरी कागद वाया घालवले होते. आता कष्टाचं चीज झालं.

उरले धाऊशेठ. त्यांची शेणव्याला भाताची गिरणी होती आणि सदऱ्यावर कायम थोडा कोंडा असायचा.

“नाय सुटला,” ते म्हणाले. “एक बी शब्द बसला नाय. खोडून खोडून कागद फाटला. मग शेजाऱ्याचा अंक मागून आणला, तर तो बी फाटला.”

हशा पिकला.

“एकही नाही?” गुरुजींनी कपाळाला हात लावला. “शेठ, बिगरीतलं पोर दोन-चार तरी भरील! तुम्ही आपले तांदूळ पाखडा.”

“मागच्या पानावर ठिपके जोडून हत्ती काढायचा असतो,” संदेश म्हणाला. “तो ट्राय करा.”

धाऊशेठ हसले नाहीत. खाली जाऊन त्यांनी भजी आणली, गुरुजींसमोर ठेवली आणि काउंटरपाशी आले.

“ताई, तीन वर्सं एक आठवडा चुकवला नाय मी. अडायचं, पण अर्धं तरी व्हायचं. आता डोकंच चालत नाय. आमचा बा बी असाच इसरत इसरत गेला.” ते जिन्याकडे वळले. “पुढल्या रविवारपासून नाय यायचो.”

रंजिताला वाईट वाटलं. “अवघडच होतं हो, काका,” ती म्हणाली. खरं सांगायचं तर त्या क्षणी तिला आनंदच जास्त झाला होता, आणि आनंदात असलेलं माणूस दुसऱ्याची समजूत फार वेळ घालत नाही. धाऊशेठ पायऱ्या उतरून गेले.

“चारात तीन!” पंकज उठला. “प्लॉटवाल्याला नाही म्हणून कळवतो. कोडं चालू राहणार!” टाळ्या पडल्या. जाता जाता त्यानं नेहमीसारखा एक फुकटचा अंक रंजिताच्या हातात दिला. तिचं मानधन ते तेवढंच.

तिनं घाईघाईनं पान उलटलं. सूचना तिच्याच होत्या. खालचा चौकोन मात्र गेल्या आठवड्याचा छापला होता. पहिल्याच आडव्या सूचनेचं उत्तर तीन अक्षरी होतं आणि तिथे घरं पाच होती. चौकोनातले आकडे चौदावर संपत होते. सतरा कुठे नव्हताच.

“पुढच्या वेळी जरा कठीण द्या म्हणावं,” गुरुजी भजी चावत म्हणत होते.

रंजिता अंक तसाच टाकून पायऱ्यांकडे धावली. खाली रस्ता रिकामा होता. तीन वर्षांत तिला एकच वाचक मिळाला होता, आणि आपलं डोकं गेलं असं समजून तो शेणव्याला निघून गेला होता.