नवरीच्या जागी लोखंडी मुंग्या

अंतरपाट दूर झाला, सनई टिपेला पोचली आणि पडद्यावर लोखंडी मुंग्यांची फौज चालून आली.

हरेशने कॅसेट पुढे पळवली. मुंग्या, मग जाहिराती, मग कुणीतरी भरली वांगी शिकवत होतं. लग्न कुठेच नव्हतं. त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

मुंग्यांच्या ग्रहावरचे तिन्ही सिनेमे पनवेलमधल्या त्याच्या व्हिडिओ लायब्ररीतून सगळ्यांत जास्त भाड्याने जात. आता त्यांचीच कार्टून मालिका दर रविवारी केबलवर लागे. सिनेमात मेलेला कॅप्टन मालिकेत जिवंत निघाला होता, आणि त्याच्या काळजीने हरेशची लेक अंकिता अर्धी झाली होती. नेमकी शेवटच्या भागाच्या दिवशी तिची स्कॉलरशिपची परीक्षा आली.

"पप्पा, रेकॉर्ड करायला विसरलात तर तुमच्याशी कट्टी," तिने बजावलं होतं.

विसरला असता तर बरं झालं असतं. हाताला आली ती कॅसेट त्याने घेतली. वरून काही रेकॉर्ड होऊ नये म्हणून तिच्या कडेचा प्लास्टिकचा टॅब मोडलेला होता, त्यावर सवयीने सेलोटेप चिकटवली, मशीन चालू केलं आणि तो एका बारशाच्या शूटिंगला निघून गेला. मशीन इमानदार. कॅसेट संपेपर्यंत थांबलंच नाही.

आणि कॅसेट कुणाची, तर रोडपालीच्या काशीरामच्या मुलीच्या लग्नाची, गेल्या महिन्यात हरेशनेच शूट केलेली. मुलगी एकुलती एक, कॅसेटही. मांडववाल्याने साखरपुड्याला गाद्या कमी आणल्या, तर तो बिचारा अजून काठी टेकत चालतो. अशा माणसाला काय सांगायचं?

चारला येतो म्हणालेला काशीराम साडेतीनलाच आला. दाराशी थबकला. काचेवर 'हरवले आहेत'चं पोस्टर होतं. काशीरामचा धंद्यातला भागीदार दिनानाथ महिनाभर बेपत्ता होता. पोस्टरवरचा फोटो हरेशनेच मोठा करून दिला होता. काशीराम बराच वेळ तो बघत राहिला.

"लग्नाची कॅसेट कुनी बगितली?" आत येत त्याने विचारलं.

"कुणीच नाही, शेठ. फक्त मी."

"आन इकडं."

"ती... जरा खराब झालीय, शेठ."

"खराब? म्हंजे पुसली?" काशीराम एकदम पुढे वाकला.

हरेशची पाचावर धारण बसली. "नाही, नाही! दुसरी कॉपी आहे ना! घरी कपाटात जपून ठेवलीय," त्याने ठोकून दिलं. कसली कॉपी नि कसलं काय! पण दोन दिवस मिळाले असते, काही सुचलं असतं. खोटं खरं वाटावं म्हणून त्याने आठवून आठवून भर घातली. "सगळं आहे त्यात, शेठ. पंगतीत तुम्ही दिनानाथशेठना स्वतःच्या हाताने जिलबी भरवताय, तेसुद्धा."

काशीराम स्टुलावर बसला. "दिना वळकू येतो?"

"अगदी स्पष्ट! तोंडावर लाइट मारून घेतलंय."

काशीरामने सुस्कारा सोडला. तो खरोखरच कष्टी दिसत होता.

"पोलिसांना मी सांगितलंय, दिना लग्नाच्या आदल्या दिवशीच गोव्याला गेला. गाव तोंड उघडनार नाय, पन ती कॅसेट पुसून टाक, येवढंच सांगायला आल्तो रं."

हरेशने घाईने मशीन चालू केलं. "शेठ, पुसलीय! आईशप्पथ पुसलीय! मुंग्या आहेत तिच्यावर, हे बघा, लावून दाखवतो. दुसरी कॉपी नाहीच आहे!"

काशीरामने पडद्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"रामू," दारातल्या ड्रायव्हरला त्याने हाक मारली, "शटर आतनं वढ. मंग याच्या घरी जायाचं हाय."