हनुवटी पाइपाच्या वर

स्वयंपाकघराच्या दारात आडव्या बसवलेल्या लोखंडी पाइपाला छाया लोंबकळत होती. कोपरं वाकली, कपाळ पाइपाला टेकलं आणि तिथेच हात थरथरायला लागले. हनुवटी काही वर जाईना.

"जरासंच ऱ्हायलंय, वढ गं!" खाटेवरून तिचा नवरा जगदीश म्हणाला.

हात सुटले. ती धप्पकन खाली आली.

"अर्धी मोजू का?"

"मोजा की. तुमचं काय जातंय?" ती धापा टाकत हसली.

दोन महिने हेच चाललं होतं. मोबाइलमध्ये बघून भिंतीला टेकून जोर, खुर्चीच्या कडेवर डिप्स आणि शेवटी पाइप. जोर तिसांवर गेले, पाइपावर मात्र अजून एकदाही जमलं नव्हतं. भातगिरणीत पोती वाहणारा जगदीश कमरेखाली लुळा पडला, तेव्हा छायाने त्याला एकदाच उचलून पाहिलं होतं, आणि दोघंही जमिनीवर आली होती. मग तिचा धाकटा दीर, नवीन, त्याला रोज चाकाच्या खुर्चीत बसवायचा. हल्ली तर तो एका दमात उचलायचा, आणि छायाला त्याच्या दंडांचा हेवा वाटायचा. आज सकाळीच तो आपलं बिऱ्हाड घेऊन रसायनीला राहायला गेला. आता तिला जमलं नाही, तर जगदीशची आंघोळ, संडास, सगळं खाटेवरच. त्याने बजावून ठेवलं होतं, तेवढं सोडून काय बी कर.

"चला, मोरीत जायचं," पदर खोचत ती म्हणाली.

"आपटशील गं."

"आपटलो तर दोघं आपटू."

तिने त्याच्या काखेतून हात घातले, श्वास कोंडला आणि जीव खाऊन उचललं. ती मागेच कोलमडणार होती. भरलेली समजून रिकामी घागर उचलावी, तसा तो वर आला.

"उचललं! अवो, मी उचललं!" त्याला खुर्चीत बसवून ती तशीच धावली आणि तिने पाइप धरला. आज जमणारच होतं. कोपरं वाकली. कपाळ पाइपाला टेकलं. आणि तिथेच हात थरथरायला लागले.

ती तशीच लोंबकळत राहिली. खाली उतरून त्याच्याकडे बघायचा तिला धीर होईना. या हातांसाठी तिने किती जीव काढला होता, आणि हातांनी काहीच केलं नव्हतं.

"ताकद आली गं तुला," मागून जगदीश म्हणाला.

"हां, आली."

उचलताना त्याचा करगोटा कमरेवरून मांडीपर्यंत घसरला होता. छायाने खाली बसून तो वर ओढला, आवळला आणि आधीच्या दोन गाठींच्या शेजारी तिसरी गाठ मारली.