शलोमीबाईंची साक्ष

देवपूरच्या चर्चमध्ये आलेल्या पाहुण्या प्रचारकाने बंगला, गाडी, बढती मिळालेल्यांना साक्ष द्यायला पुढे बोलावलं. मग माईक शलोमीबाईंच्या हातात दिला. "अक्का, प्रभूने तुम्हाला काय दिलं, सांगा." शलोमीबाई धुमसतच होत्या. "आमच्या ह्यांच्यासाठी अख्ख्या चर्चने प्रार्थना केली. ते वाचले नाहीत." "विश्वास कमी पडला असेल," प्रचारक हळूच म्हणाला. "विश्वास?" त्या गर्रकन त्याच्याकडे वळल्या. "घशाच्या कॅन्सरने वाचा गेली, तरी मी गीत गायलं की ते माझ्या हातावर ताल धरायचे. शेवटपर्यंत त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं. ते कुठल्या बंगल्यातून आलं? प्रभूला तुम्ही दुकानदार करून ठेवलंत." प्रचारकाने माईकसाठी हात पुढे केला. "शांत व्हा अक्का. विश्वास ठेवा, तुम्हालाही मिळेल." माईक न सोडता शलोमीबाई म्हणाल्या, "मला मिळालाय की, प्रभूच!" मग त्या अहिराणीत कडाडल्या, "माले प्रभू भेटना. आजून काय पाहिजे?"