दारातले बूट

कोपऱ्यावरची शाळा तपासणीत अव्वल ठरली. अर्जांच्या लोंढ्याने प्रवेशाची हद्द आक्रसून मनोहररावांच्या गल्लीपुरती उरली. त्यासरशी पाच वर्षं न फिरकलेली सून लंडनच्या स्टॅनमोरमध्ये त्यांच्या घरी उगवली. नातीच्या अर्जावर सासऱ्यांचा पत्ता तिने परस्पर घातलाच होता. आता दारात त्यांच्या वहाणांशेजारी चिमुकले बूट मांडले. “पत्ता तपासायला कौन्सिलचं कुणी आलं तर रेवा इथंच राहते म्हणायचं.” “तिला आणलं असतंस.” “आधी ॲडमिशन होऊ द्या. आजवर आमच्यासाठी काय केलंत? एवढं तरी करा, बाबा!” आठवड्याने कौन्सिलची बाई आलीच. “हे नातीचे बूट? ती इथं राहते?” तिने विचारलं. ‘हो’ त्यांच्या ओठांवर आलं होतं. पण त्यांनी एक बूट उचलून उलटा धरला. तळ कोरा करकरीत होता. “मॅडम, माझी नात केवढी झालीय, हे मला या बुटांवरूनच कळलं.”